म्हातारी वर आली

वेळांडे या देशाला जमीन नको होती. एवढंसं राष्ट्र, पाच-सहा बेटं, तीही समुद्र दरवर्षी कुरतडून नेतोय, आणि अशात देवानं आपण होऊन एक नवं बेट पदरात टाकलं, तर परराष्ट्र खात्याच्या पोटात गोळा उठला. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. वेळांड्यातल्या पोराला मात्र ते कुणी सांगावं लागत नाही.

कारण शेजार. कधीकाळी कोकणातून गलबतांवर खलाशी म्हणून निघालेली आणि वाऱ्यानं इथे आणून टाकलेली ही वेळांड्याची माणसं. त्यांच्या उत्तरेला एक बलाढ्य देश आहे, पूर्वेला दुसरा. वेळांड्यात या दोन देशांना कुणी नावानं ओळखत नाही. एक थोरले मामा, दुसरे धाकटे मामा. थोरल्यांनी बंदर बांधून दिलं, म्हणून धाकट्यांकडून इस्पितळ घ्यावं लागलं. एकाकडे चहा घेतला की दुसऱ्याकडे जेवूनच यायचं, हे देशाचं परराष्ट्र धोरण. खात्याच्या कागदांत ‘निषेध’ हा शब्द आजवर उमटलेला नाही. मामांपैकी कुणी मासेमारांची जाळी कापली तर वेळांडे ‘नोंद घेतं’, आणि फारच झालं तर ‘गांभीर्यानं नोंद घेतं’. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा, पण तोंड आपलं आपणच दाबायचं, म्हणजे निदान हात तरी घरचा असतो.

अशा देशात म्हातारी वर आली.

म्हातारी म्हणजे समुद्रातला एक खडक. आडवणे गावाहून होडीनं निघालं तर दिवसभराच्या वाटेवर, नेमका तिन्ही देशांच्या हद्दी एकमेकींवर चढतात त्या पाण्यात. ओहोटीलाही पुरुषभर पाण्याखाली. पाण्याखाली होती तोवर कुणाचंच काही बिघडत नव्हतं, कारण समुद्राचा कायदा बुडालेल्या खडकाला काहीच देत नाही. मात्र निसर्गानं घडवलेली आणि भरतीतही कोरडी राहणारी जमीन असेल, तर तिच्या भोवतीचं बारा मैल पाणी तिच्या धन्याचं. तिच्यावर माणूस जगू शकत असेल, तर दोनशे मैलांतली मासळी आणि तळाखालचा वायूसुद्धा त्याचाच. आणि तिथे खाली वायू आहे असा दोन्ही मामांना जुना वहीम.

म्हातारी वर आलेली प्रथम पाहिली डॉ. द्वारका तांडेलनं. द्वारका ही देशातली एकुलती एक प्रवाळतज्ज्ञ. तिचं संशोधन केंद्र म्हणजे बंदरामागचा जुना बर्फाचा कारखाना. त्यात काचेच्या टाक्या, पंपांची घरघर आणि सदा ओली फरशी. त्या हंगामातलं मोठं वादळ ओसरल्यावर ती पाण्याचं तापमान मोजायला बऱ्याच वर्षांनी म्हातारीवर गेली, आणि होडी लागली ती चक्क काठाला. प्रवाळाच्या तुटक्या फांद्यांचा एक लांबट ढीग, भरतीच्या खुणेच्याही वर, उन्हात वाळत पडला होता. ढिगाच्या चारी बाजूंनी पाण्याखाली जिवंत प्रवाळ दाटीनं वाढलं होतं. द्वारका त्या बोचऱ्या ढिगावर बसली आणि एकटीच हसत सुटली. चाळिशी उलटलेली बाई, पण तिला आनंद आवरेना.

तो आनंद कसला, ते थोडं समजावून सांगायला हवं. प्रवाळ हे झाड नव्हे, दगडही नव्हे. ते इवल्या प्राण्यांचं गाव असतं. प्रत्येक प्राणी स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो, आणि त्याच्या अंगात एक सूक्ष्म शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. भाडेकरू उन्हावर स्वयंपाक करतो आणि भाड्यापोटी मालकाला जेवू घालतो. समुद्र तापला की या भाडेकरूचा स्वयंपाक करपतो, त्याचं विष मालकाला बाधतं आणि मालक त्याला हाकलून देतो. मग मालक उपाशी मरतो आणि मागे नुसतं पांढरं घर उरतं. गेल्या वीस वर्षांत वेळांड्याच्या भोवतीचं सगळं प्रवाळ असंच पांढरं होऊन मेलं. जिवंत प्रवाळ ही किनाऱ्याची भिंत. ती झिजते तशी रोज बांधलीही जाते. मेलेली भिंत नुसती झिजते. आडवण्यात आता उधाणाचं पाणी चुलीपर्यंत यायचं, आणि आडवणे हे द्वारकेचं गाव.

त्यासाठीच तिनं उमेदीची वर्षं प्रयोगशाळेत घातली होती. उष्णता सोसणारं शैवाल निवडून, जनुकांत फेरफार करून, तिनं ‘वेळा-सात’ नावाचं प्रवाळ तयार केलं. ते तापल्या पाण्यात मरत नव्हतं हे खरं, पण वाढायचं वर्षाला बोटाच्या दोन पेरांएवढं. त्या गतीनं भिंत उभी राहीपर्यंत आडवणे नकाशावर शोधावं लागलं असतं. आपलं प्रवाळ ओळखता यावं म्हणून तिनं त्याच्या जनुकांच्या माळेत एक बिनकामाचा छोटा तुकडा ओवून ठेवला होता. घरातल्या भांड्यांवर नाव घालतात ना, तसा.

म्हातारीवरचं प्रवाळ मात्र वर्षाला हातभर वाढत होतं. त्यातला भाडेकरू ऊन वाढलं की जोमानं कामाला लागत होता. प्रवाळ ओहोटीच्या पातळीपर्यंत चढलं, वादळानं वरच्या फांद्या मोडून त्यांचा ढीग रचला आणि बेट झालं. द्वारकेनं तुकडा आणून तपासला. त्यात तिचं नाव नव्हतं. पुन्हा तपासला, तरी नव्हतं. हे कुणीच केलेलं नव्हतं. माणसानं तापवलेल्या पाण्याला समुद्रानं स्वतःच शोधलेलं उत्तर होतं ते, आणि त्याची पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत आडवण्यापर्यंत येऊ शकत होती. पाच-दहा वर्षं कुणी हात लावला नाही, तर गाव वाचणार होतं.

तिनं रीतसर परराष्ट्र खात्याला कळवलं. सागरी सीमांचे सचिव मुकुंद रेडकर स्वतः बर्फाच्या कारखान्यात आले. साठीला टेकलेला, बोलण्याआधी चष्मा पुसणारा माणूस.

“डॉक्टरबाई, आणखी कुणाला बोललात?”

“आबांना. माझ्या वडिलांना.”

“ते कुणाला बोलतील?”

“बोलू नका म्हटलंय. ते शब्दाचे पक्के आहेत.”

“मग आता आपण तिघांनीही हे विसरून जायचं,” रेडकर म्हणाले. “एखादं वादळ येईल, तो ढीग पुन्हा खाली जाईल. या देशात पुष्कळ गोष्टी न बोलल्यामुळे टिकल्यात.”

द्वारकेला ते आवडलंच. कुणाला कळलं नाही, तर कुणी हातही लावणार नव्हतं.

आणि आबा खरंच कुणाला बोलले नाहीत. भिकाजी तांडेल हे आडवण्याच्या होड्यांचे म्होरके. नारळी पौर्णिमेला गावची एक होडी म्हातारीवर जाते आणि तिथल्या पाण्यात नारळ सोडते, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुसरी रीत अशी की नवं घर बांधलं, नवी वाडी घेतली, की पहिल्यांदा माड लावायचा, त्याच्याशेजारी बांबू रोवायचा आणि दृष्ट लागू नये म्हणून बांबूला लाल फडकं बांधायचं. त्या पौर्णिमेला आबा चार जणांना घेऊन गेले. आजवर पाण्यात नारळ सोडला होता, कारण जमीन नव्हती. आता म्हातारीनं आपण होऊन जागा दिली होती. तिथे नारळ नुसता ठेवून येणं त्यांना कद्रूपणाचं वाटलं. त्यांनी कोंब फुटलेला नारळ नेला, सोबत चार टोपल्या मातीही नेली, आणि म्हातारीच्या ढिगावर माड लावला. शेजारी बांबू आणि लाल फडकं. कुणाला एक अक्षर बोलले नाहीत.

आकाशातल्या उपग्रहाला फडकं आणि झेंडा यांतला फरक कळत नाही.

तिसऱ्या दिवशी, माडाला पाणी घालायला परत गेलेली आबांची आणि त्या चौघांची होडी थोरल्या मामांच्या गस्ती जहाजानं पकडली. ‘आमच्या हद्दीतील नैसर्गिक बेटावर परकीयांनी वसाहतीचा प्रयत्न केला’ असं त्यांनी जाहीर केलं. धाकट्या मामांनी त्याच संध्याकाळी ते बेट आपलं असल्याचं सांगितलं आणि दोन युद्धनौका धाडल्या. थोरल्यांनी तीन धाडल्या. आणि वेळांड्यानं, आपल्याच माणसांना बेड्या पडलेल्या असताना, घटनेची गांभीर्यानं नोंद घेतली.

द्वारका खात्यात गेली ती तावातावानंच. “नोंद? माझे वडील सत्तरीचे आहेत, रेडकरसाहेब. तिथे त्यांना इन्सुलिन कोण देतंय, याची नोंद घेतलीत का?”

“बसा,” रेडकर म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. “इन्सुलिन पोचलंय. तेवढं माझ्या हातात होतं. आता ऐका. म्हातारी नैसर्गिक ठरली तर ती कुणाची तरी होणार. थोरल्यांची झाली तर आबा घुसखोर. तिकडे घुसखोरीला वीस वर्षं कैद आहे. धाकट्यांची झाली तर थोरले गप्प बसणार नाहीत, आणि त्या जहाजांची मारामारी आपल्या अंगणात होणार. तिसरी शक्यता, ती आपली म्हणायची.” ते किंचित हसले. “ती शक्यता मी मंत्रिमंडळासमोर मांडलीसुद्धा नाही.”

“मग?”

“मग ती नैसर्गिक नसावी. माणसानं बनवलेल्या बेटाला कायदा काहीच देत नाही. ते कुणाचंच नाही. जी जमीनच नाही तिच्यावर घुसखोरी कसली? आबा म्हणजे समुद्रात नारळ सोडायला गेलेला एक म्हातारा, एवढंच राहतं. दोघा मामांना नाक कापून न घेता मागं फिरायला वाट मिळते.”

द्वारकेला कळायला वेळ लागला नाही, पण ते कळून घ्यायला लागला.

“मी बनवलं असं सांगू?”

“वेळा-सात समुद्रात निसटलं, म्हातारीवर रुजलं, वाढलं. तुमच्याकडे त्याची खूण आहे. तिन्ही देशांची संयुक्त समिती बसतेय; तुमच्या टाकीतला तुकडा म्हातारीवरचा म्हणून तिच्यापुढे ठेवायचा.”

“ते तिथे जाऊन दुसरा तुकडा काढतील. एका दिवसात कळेल त्यांना.”

“कळलंय त्यांना,” रेडकर म्हणाले. “दोघांनीही आधीच तपासलंय, असा माझा अंदाज आहे. पण ज्यानं बनवलं त्यानंच दिलेला नमुना ग्राह्य धरायचा, असं समितीच्या नियमांच्या दोन्ही बाजूंच्या मसुद्यात आलंय. तेही एकाच शब्दांत.”

“म्हणजे हे त्यांनी मागितलं?”

“कुणीच मागितलं नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.”

खिडकीतून बंदर दिसत होतं. थोरल्यांच्या क्रेनवर धाकट्यांच्या इस्पितळाची जाहिरात लावलेली होती. द्वारकेनं शांतपणे विचारलं, “आणि माणसानं बनवलेलं, निसटलेलं प्रवाळ म्हटलं की त्याचं पुढे काय होतं, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?”

रेडकरांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेतून सुटलेला जीव उघड्या समुद्रात सापडला तर तो नष्ट करायचा, असा आंतरराष्ट्रीय करार होता. वेळांड्यानं त्यावर सगळ्यांत आधी सही केली होती, कारण त्या वर्षी दोन्ही मामांना ते आवडणार होतं.

“साहेब, ते प्रवाळ आपली भिंत आहे. आडवण्याची, या बंदराची, सगळ्यांची. असं पुन्हा घडेल की नाही मला सांगता येत नाही. मला पंधरा वर्षं खपून जे जमलं नाही, ते तिथे आपोआप झालंय.”

“माझा विश्वास आहे तुमच्यावर,” रेडकर म्हणाले. “म्हणूनच जास्त वाईट वाटतंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी जबरदस्ती करणार नाही. पण मग पुढे काय करायचं, ते मला सुचत नाही. खरंच सुचत नाही.”

तो माणूस खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत होती. त्याच्यावर ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं. द्वारका उठली आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी मेहेरबानी म्हणून कैद्यांना घरी बोलू दिलं. पडद्यावर आबा दिसले. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याचा ढगळ सदरा. मागे एक शिपाई उभा होता.

“बरो आसंय मी,” ते म्हणाले. “जेवाण बरां देतत. मासळी मात्र शिळी.”

“आबा, औषध देतायत ना?”

“देतत गो. तू माका सांग, माड रुजलो काय?”

द्वारकेनं पडद्यावरची नजर खाली वळवली. मागचा शिपाई घड्याळ पाहत होता. आबांना वाटलं, पोरगी घाबरली. त्यांनी आवाज खाली आणला. “बाय, माझ्यासाठी कोणाच्या पाया पडा नुको. माझां वय झालां. त्या चार जणांचां तेवढां बघ. संत्याची बायको पोटुशी आसा.” मग पडदा काळा झाला.

ते पाया पडू नको म्हणाले नसते, तर कदाचित तिनं आणखी चार दिवस काढले असते. तिनं तिथूनच रेडकरांना फोन लावला आणि “सांगते” एवढंच म्हणाली.

संयुक्त समितीची सुनावणी वेळांड्यातच झाली, थोरल्यांनी बांधून दिलेल्या सभागृहात, धाकट्यांनी दिलेल्या खुर्च्यांवर. रेडकर एका कोपऱ्यात बसले होते. द्वारकेनं वेळा-सातचा इतिहास सांगितला. तेवढा खरा होता, म्हणून तो तिला नीट सांगता आला. मग निष्काळजीपणे टाक्यांचं पाणी समुद्रात सोडलं गेलं, असं ती म्हणाली. आयुष्यात तिनं एक थेंब न गाळता सोडला नव्हता. मग तिनं काचेच्या पेटीतला तुकडा टेबलावर ठेवला.

थोरल्यांच्या बाजूनं एक पांढऱ्या केसांच्या शास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. द्वारका त्यांचे लेख वाचतच या विषयात मोठी झाली होती. एका परिषदेत दोघी एका टेबलावर जेवल्याही होत्या. बाईंनी तुकडा उचलला, उजेडाला धरला.

“या प्रजातीचा वाढीचा वेग काय?”

खरा आकडा सांगितला असता तर म्हातारीचं बेट व्हायला चाळीसेक वर्षं लागली असती. “वर्षाला हातभर,” द्वारका म्हणाली.

बाईंनी तुकड्याकडे पाहिलं, मग द्वारकेकडे. पेर अन्‌ पेर दाट, सावकाश वाढलेला तुकडा होता तो. प्रवाळ ओळखणाऱ्याला नुसत्या डोळ्यांनी कळावा. सभागृहात कुणी खोकलं. “माझे प्रश्न संपले,” असं म्हणून बाईंनी तुकडा पेटीत ठेवला आणि पेटी हलकेच द्वारकेकडे सरकवली. त्यानंतर त्यांनी मान वर केली नाही.

दुपारी निकाल लागला. म्हातारी मानवनिर्मित, म्हणून कुणाचीच नाही. जहाजं मागं फिरतील, कैदी सुटतील, आणि ‘वेळा-सात व तत्सम जीव’ तिन्ही देशांच्या पाण्यातून समूळ काढले जातील. पुन्हा वाढवायला कायमची बंदी. दोन्ही मामांनी वेळांड्याच्या प्रांजळपणाचं कौतुक केलं. एका वर्तमानपत्रानं द्वारकेचा फोटो छापून ‘समुद्र नासवणारी बाई’ असं खाली लिहिलं, तर दुसऱ्यानं ‘बेट घडवणारी बाई’. दोन्ही तिला सारखंच लागलं.

म्हातारी फोडायला दोन यांत्रिक जहाजं आली, दोन्हीकडून एकेक, म्हणजे उगाच वाद नको. आधी क्लोरिनचा मारा, मग लोखंडी दात. द्वारकेला तज्ज्ञ म्हणून हजर राहावं लागलं. पाणी दुधासारखं झालं आणि मासे वर आले. आपल्याकडे म्हणतात, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो. इथे म्हातारी मेल्याचं दुःख होतंच, आणि काळही सोकावणार होता.

मग किनारे तपासायचं काम निघालं. पाण्यात विरघळलेले जनुकांचे कण हुंगून कोणता जीव जवळपास आहे ते सांगणारं एक यंत्र समितीनं आणलं होतं. ‘तत्सम’मध्ये म्हातारीवरचं प्रवाळही धरून ते लावलेलं होतं. आडवण्याच्या मेलेल्या प्रवाळावर ते यंत्र वाजलं. द्वारका पाण्यात उतरली. जुन्या पांढऱ्या भिंतीच्या खोबणीत तळहाताएवढं तांबूस प्रवाळ बसलं होतं. दूर म्हातारीहून वाहत येऊन, हजार खडक सोडून, ते नेमकं इथे रुजलं होतं. ती तिथे पाण्याखाली थोडा वेळ थांबली. वर समितीची माणसं होडीत वाट पाहत होती. लपवायचं ठरवलं तरी यंत्र दर आठवड्याला वाजणार होतं. तिनं छिन्नी लावली आणि ते स्वतःच्या हातानं काढलं. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर आडदांडपणानं काढलं असतं, अशी तिनं मनाची समजूत घातली. ती काही पटली नाही.

शेवटी बर्फाच्या कारखान्यातल्या टाक्या. वेळा-सातनंच गुन्हा केला असं तीच म्हणाली होती, तेव्हा शिक्षा त्यालाही होती. ब्लीचिंग पावडरचं पोतं तिनं स्वतः उघडलं. संध्याकाळपर्यंत पंप बंद झाले. कारखान्यात इतकी शांतता असते, हे तिला पंधरा वर्षांत कधी कळलं नव्हतं.

रेडकर दारात येऊन उभे होते. “हे तुमच्या वडिलांनाही सांगता येणार नाही,” ते म्हणाले. “कुणालाच नाही. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेलं की समितीचा निकाल गेला, आणि जहाजं परत.”

“ठाऊक आहे.”

“तुमच्यासाठी काही करता आलं तर...” ते चष्मा पुसत निघून गेले.

होडी सुटून आली तेव्हा सगळं आडवणे किनाऱ्यावर लोटलं होतं. संत्याची बायको सगळ्यांत पुढे उभी होती. आबा खाली उतरले, दोन पावलं डळमळले आणि मग नेहमीसारखे चालू लागले. औक्षण झालं, रडून झालं. द्वारका त्यांच्या बाजूला अंगणात बसली. अंगणात अजून परवाच्या उधाणाची वाळू पसरलेली होती. गाव भोवती जमलं.

आबांनी चहाची बशी खाली ठेवली. “द्वारके, तिकडे सगळे सांगी होते. तां बेट तू केलंस. खरां काय गो?”

सगळं गाव तिच्याकडे पाहत होतं. लाटेचा आवाज अंगणापर्यंत येत होता, आता तो नेहमीच येतो.

“हो, आबा.”

आबांनी बशी बाजूला सारली. तिला वाटलं, रागावले. पोरीच्या एका चुकीपायी आपल्याला बेड्या पडल्या, असं म्हणतील; म्हणाले असते तर तिनं ते आनंदानं ऐकून घेतलं असतं. पण त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

“माका वाटलां, म्हातारी आपणहून वर इली. देवान केलां,” ते म्हणाले. “तर तां माझ्या पोरीन केलां. बरां झालां बाय. देवाचां असतां तर परत कोणाकडे मागतलंव? तुझां आसा, तर तू परत करतलंस.” त्यांनी हात लांब करून समुद्राकडे दाखवलं. “ह्या टायमाक हयसर कर. आपल्या गावाच्या तोंडार.”

गर्दीत एकदम कुजबुज पसरली. हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि आता आलं तसं सगळ्यांना ते अगदी साधं, समोरचं वाटलं. शेजारची लाडूकाकी, जिच्या घरातली चूल यंदा तीनदा विझली होती, पुढे सरकून द्वारकेच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली.

“किती दिस लागतले गो?”

द्वारकेनं तोंड उघडलं. बंदी आहे, असं सांगता आलं असतं. पण आडवण्याचे लोक बंदीला कधीपासून भ्यायला लागले? चोरून कर, म्हणाले असते. तिला येतच नाही, तिनं ते केलंच नव्हतं, ते आलं होतं आणि तिनं आपल्या हातानं ते मारलं, एवढंच सांगायचं उरत होतं. आणि तेवढंच सांगता येत नव्हतं.

“वेळ लागेल, काकी.”

“लागांदे,” आबा म्हणाले. “थांबतलंव आम्ही.”

ते तेव्हाच उठले. चार जाणत्यांना घेऊन किनाऱ्यावर गेले, लाट कुठून येते, कुठे फुटते ते बोटानं दाखवत बराच वेळ बोलत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं समुद्रात बोयऱ्यांची, म्हणजे तरंगत्या खुणांची, एक लांब रांग सोडली. पोरीच्या प्रवाळाला धक्का लागू नये म्हणून त्या रांगेच्या आत कुणी नांगर टाकायचा नाही, जाळं ओढायचं नाही, असं ठरलं.

तेव्हापासून आडवण्याच्या होड्या त्या मोकळ्या पाण्याला वळसा घालून जातात.